बदकगाडीचं नवं स्टिअरिंग

"ह्या टायमाला तुमची गाडी कशालाबी धडकू द्या, भिताडाला न्हाईतर शेळीला, त्याच दिवशी ती भंगारात," बानोनं नवऱ्याला सांगून टाकलं. "कापूरहोळच्या भंगारवाल्या भिमाला म्या निरोप धाडलाय. फुडची वरात जिथं थांबंल तिथं त्यो टेम्पो लावून उभाच राहनार हाय."

दिलावर मिस्त्रीनं मान हलवली. बायकोपुढं मान हलवण्यात त्याचा हात धरणारा सबंध भोर तालुक्यात कोणी नव्हता. पण ह्या वेळी मान हलवताना त्यानं गाडीकडं बघून घेतलं. बानो बोलते ते करते. एकदा ती म्हणाली होती, जेवताना टीव्ही बघाल तर विहिरीत टाकीन. टीव्ही अजून विहिरीत आहे.

आणि गाडी म्हणजे दिलावरचा जीव. एक्कावन्न सालची अमेरिकन गाडी, म्हशीएवढं बॉनेट, त्यावर कंपनीच्या नावाची अक्षरं होती, ती एकेक करून गळाली. आता शेवटचं एकच उरलंय आणि त्यावरून कंपनी कुठली ह्याचा निकाल भोरात अजून लागलेला नाही. दिलावरच्या अब्बांनी, झुल्फिकार मिस्त्रींनी, ती पुण्याच्या एका दूधवाल्याकडून आणली. वरातीसाठी तिचा टप कापला, पुढची काच काढली, मागं दोन माणसांची राजगादी बसवली आणि बॉनेटवर पत्र्याचा हंस बसवला. हंसाची मान करताना पत्रा कमी पडला. तेव्हापासून गाव तिला बदकगाडी म्हणतं. अब्बा मरेपर्यंत तो हंस आहे म्हणून भांडले. गावानं मानलं नाही. गावाला मेलेल्या माणसाचाही शब्द खाली पडू द्यायला आवडतो, जिवंताचं काय घेऊन बसलात.

गाडीचं सगळं बरं होतं, फक्त पुढची बाजू गेली होती. स्टिअरिंगला इतका प्ले की दोन वेढे फिरवल्यावर चाकं विचारात पडायची. वळायचं का नाही ते खाली चाकांचं चाकं ठरवायची. आणि पुढचे पाटे, म्हणजे चाकावरच्या त्या लोखंडी पट्ट्या, असे बसले होते की खड्डा आला की नवरा-नवरी वीतभर वर उडायची आणि खाली येताना जागा बदलून बसायची. रस्त्याला खड्डे नव्हते अशातला भाग नाही. भोरचा रस्ता दर वर्षी नवीन होतो आणि दर वर्षी जुना होतो, मधले पैसे कुठं जातात ते विचारणारा माणूस अजून जन्मायचा आहे. मागच्या मोसमात भोंगवलीला गाडी मांडवात घुसली आणि जिलबीच्या कढईपाशी थांबली. आंबवड्याला तिनं बँडमधला मोठा ढोल फोडला, वाजवणाऱ्यासकट. त्यानंतर बानोनं वरचा हुकूम सोडला.

अशात नव्व्याण्णवच्या मे महिन्यात शरच्चंद्र रावसाहेबांच्या नातीचं लग्न निघालं.

रावसाहेब हे काही खरे रावसाहेब नव्हेत. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. पण रावसाहेब म्हटल्याशिवाय मान वळवत नसत. बदकगाडी मूळची संस्थानची, आणि तरुणपणी आपण ती स्वतः चालवलेली आहे, असं ते चारचौघांत सांगत. संस्थान विलीन झालं अठ्ठेचाळीसला आणि गाडी जन्मली एक्कावन्नला. हा हिशेब तिसरीतल्या पोराला जमला असता. पण भोरात कोणाला जमला नाही, कारण अर्ध्या गावाचे दाखले रावसाहेबांच्या टेबलावरून गेले होते.

"शुभ्राला बदकगाडीच पाहिजे," रावसाहेब गॅरेजात येऊन म्हणाले. "लहानपणापासून हट्ट आहे तिचा. लग्न लागलं की कार्यालयापासून एसटी स्टँडापर्यंत वरात. तिथं पुण्याला जायची बस उभी राहील. पण दिलावर, पोरीला धक्का लागता कामा नये."

"रावसाहेब, लोन्यावानी जाईल."

"मागच्या वेळी जिलबीत गेली होती."

"आता पुढचं समदं नवीन टाकतोय. अ‍ॅक्सल, पाटे, शॉकअप, स्टिअरिंग बॉक्स. टेम्पोचं."

"टेम्पोचं? संस्थानच्या गाडीला?"

"लोखंडाला काय ठावं, कुनाचं संस्थान?" दिलावर म्हणाला, आणि मग घाईघाईनं "रावसाहेब" जोडलं.

पंधरा दिवस दिलावर गाडीखाली आडवा होता. सोबतीला मेहुणा इरशाद. इरशाद चांगला बापई गडी, मिशाबिशा असलेला, पण हातात पाना दिला की आधी त्यानं पाठ खाजवायचा. दोघांनी जुनी पुढची बाजू उतरवली. टेम्पोचा अ‍ॅक्सल बसवला. त्याचे पाटे मालवाहू, कडक. म्हणून दिलावरनं त्यातले दोन-दोन काढून टाकले. मग गाडी बोट लावलं तरी डुलायला लागली. आणि मग आला स्टिअरिंग बॉक्स. तो मूळ जागी बसेना, इंजिनाचा पाय आडवा यायचा. दिलावरनं बॉक्स असा धरून बघितला, तसा धरून बघितला, शेवटी उलटा केला आणि तो कसा लोण्यात सुरी जावी तसा जाऊन बसला. दिलावरनं वेल्डिंग मारलं. असं वेल्डिंग की कयामतीच्या दिवशीसुद्धा सुटू नये.

मग चाचणी. चाकं जॅकवर, दिलावर खाली उताणा. चालवणाऱ्याच्या सीटला नवा लाल रंग दिलेला, ओला, म्हणून इरशाद आत बसलाच नाही. तो गाडीच्या तोंडाशी उभा राहिला, बदकाच्या बाजूनं बॉनेटवर ओणवा झाला आणि काच नव्हतीच, तिथून हात घालून त्यानं स्टिअरिंग धरलं.

"डावीकडं फिरव!" दिलावर खालून ओरडला.

इरशादनं आपल्या डाव्या हाताला फिरवलं. चाकं डावीकडं गेली.

"उजवीकडं!"

इरशादनं आपल्या उजव्या हाताला फिरवलं. चाकं उजवीकडं गेली.

"काय मख्खन झालंय भावजी! एका बोटानं फिरतंय!"

खाली दिलावरच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं आनंदाचं, थोडं ग्रीसचं. इरशाद गाडीकडं तोंड करून उभा होता आणि त्याचं डावं ते गाडीचं उजवं, हे दोघांपैकी एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही. का शिरावं? पंधरा दिवस खपलेल्या माणसाला चूक बघायची नसते.

लग्नाच्या दिवशी दुपारी रंग वाळला. दिलावरनं वरातीचा पांढरा ड्रेस घातला, बिस्मिल्ला केलं आणि गाडी चालू करून गॅरेजच्या फाटकाबाहेर काढली. फाटकाच्या डाव्या हाताला सखूबाईचा भाजीचा हातगाडा असतो. तो चुकवायला दिलावरनं स्टिअरिंग उजवीकडं मारलं.

गाडी सखूबाईकडं निघाली.

दिलावरनं आणखी उजवीकडं मारलं. गाडी आणखी जोरात सखूबाईकडं निघाली. करकचून ब्रेक लागला तेव्हा बदकाची चोच कोथिंबिरीच्या जुडीत होती.

"खाऊ घालतूस व्हय रं त्याला?" सखूबाई ओरडली. "मुडद्या, माझ्याच गाड्यावर डोळा हाय व्हय तुझा?"

"मावशी, म्या उजवीकडं वळवली!"

"मंग ही काय डोळा मारून आली व्हय हिकडं?"

दिलावरनं आधी गॅरेजाकडं बघितलं. बानो घरात होती. चोच कोथिंबिरीला टेकणं हे धडकणं म्हणायचं का नाही, हे बानोला ठरवायला लागू नये म्हणून त्यानं सखूबाईकडनं तिच्या दरानं दोन किलो भेंडी घेतली आणि तोंड बंद ठेवायचं वचन मिळवलं. मग तो खाली उतरला, गाडीखाली शिरला, उलट्या बॉक्सकडं बघितलं आणि तिथंच पडून राहिला.

"भावजी, मेला का?" इरशादनं विचारलं.

"आजून न्हाई. पाच वाजता मरंन. पाचला वरात हाय."

तीन वाजत आले होते. ते वेल्डिंग तोडून बॉक्स सरळ करायला पुरा दिवस लागला असता. दिलावरनं ठरवलं, उलटं तर उलटं, डोकंच उलटं करायचं. तो गॅरेजामागच्या मोकळ्या रानात गेला. डावीकडं जायचं म्हणून मनातल्या मनात उजवीकडं म्हणायचं आणि हातानं... इथपर्यंत तो यायचा आणि गाडी बाभळीकडं जायची. इरशादनं हातांची कैची करून स्टिअरिंग धरलं, म्हणजे उलट्याचं सुलटं होईल. कैचीसकट गाडी त्याच बाभळीकडं गेली.

आता माणसं जमली. भोरात गॅरेजासमोर हात मागं बांधून उभं राहणाऱ्यांची एक जमात आहे. ह्यांनी जन्मात एक स्क्रू फिरवलेला नसतो, पण कुणाचं फसलं की ह्यांच्या पायांना आपोआप रस्ता सापडतो. एक म्हणाला, आरसा बघून चालवा. दुसरा म्हणाला, रिव्हर्समध्येच न्या. तिसरा म्हणाला, मी आधीच म्हणालो होतो. काय म्हणाला होता, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्या गर्दीतून एक काळा, सडपातळ म्हातारा पुढं घुसला. डोक्याला टॉवेल, विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले.

"दिलावर, माझं इंजान कुठाय?"

हा भाटघरचा गेनबा. धरणाच्या पाण्यावर तीस वर्षं लाँच चालवायचा, अल्याडची माणसं पल्याड, पल्याडच्या शेळ्या अल्याड. मे महिना आला की धरण आटतं, लाँच चिखलात बसते आणि गेनबा रिकामा होतो. त्या रिकामपणात त्यानं लाँचचं इंजिन दुरुस्तीला दिलं होतं. त्याला महिना झाला होता.

"गेनबाकाका, आज न्हाई. आज माझा जीव चाललाय."

"रोज कायतरी चाललेलंच आसतं तुझं. काय झालंय?"

दिलावरनं सांगितलं. गेनबा ऐकत होता आणि त्याच्या कपाळावरच्या आठ्या वाढत होत्या.

"म्हंजी डावीकडं जायाला हात उजवीकडं न्यायचा?"

"व्हय."

"आन उजवीकडं जायाला डावीकडं?"

"व्हय काका. समदं उलटं झालंय."

"उलटं कुठाय त्यात? तसंच आसतंय की!" गेनबा म्हणाला. "सुकानूचा दांडा उजवीकडं रेटला की लाँच डावीकडं जाती. तीस वरसं तेच करतोय. तुमी लोकं गाड्या कशा चालवताय मग?"

हात मागं बांधलेल्यांचे हातसुद्धा सुटले.

गेनबा गाडीत चढला आणि सीटवर मांडी घालून बसला, लाँचच्या फळीवर बसतात तसा. त्यामुळं खालचा क्लच आणि ब्रेक मोकळे राहिले. दिलावर शेजारी चिकटून बसला आणि तिथून त्यानं आडवे पाय घातले. इंजिन आणि थांबणं दिलावरचं, दिशा गेनबाची. गाडी निघाली. बाभळीला वळसा घातला, दुसऱ्या बाभळीला वळसा घातला, उकिरडा चुकवला आणि जागेवर येऊन उभी राहिली. पुढचे पाटे मऊ, गाडी संथ डुलत होती.

"झ्याक हाय," गेनबा म्हणाला. "पानी लागतंय का काय, वाटलं."

दिलावरनं त्याचे पाय धरले. मग स्वतःचा पांढरा ड्रेस उतरवून त्याच्या अंगात घातला. गेनबाच्या अंगावर तो सैल लोंबत राहिला.

"इंजान कवा देतूस?"

"उद्या! अल्लाशप्पत उद्या!"

पाच वाजता वरात निघाली. राजगादीवर शुभ्रा आणि तिचा नवरा अद्वय, पुण्यात कॉम्प्युटरवर बसणारा, घामानं निथळणारा, पुढ्यातल्या बदकाकडं संशयानं बघणारा. रावसाहेब फेटा बांधून पुढं आले.

"हा कोण?"

"नवीन ड्रायव्हर, रावसाहेब. लई अनुभवी मानूस. तीस वरसं झाली, एकबी पॅसिंजर बुडाला... पडला न्हाई."

"मांडी घालून का बसलाय?"

"संस्थानी पद्धत हाय," दिलावर म्हणाला.

रावसाहेबांनी एकदम मान डोलावली. "अर्थात. मी तसाच बसत असे."

बँड वाजायला लागला आणि बदकगाडी बाजारपेठेत शिरली. दिलावरच्या कपाळावरून घाम ओघळत होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काय काय होतं ते त्याला आज पहिल्यांदा दिसलं: काचेच्या बांगड्यांचं दुकान, अंड्यांचे ट्रे, मडक्यांची उतरंड, एक झोपलेलं कुत्रं, एक जागा असलेला पोलीस. गेनबा मात्र लांब नजर लावून बसला होता. माणसं बघत नव्हता, मधली मोकळी जागा बघत होता, जशी ती पाण्याची वाट असावी.

"फुडं खडक हाय," तो म्हणायचा. खडक म्हणजे उभी असलेली जीप. स्टिअरिंग उजवीकडं जायचं, गाडी अलगद डावीकडून सरकायची. खड्डा आला की बदक मान खाली घालायचं आणि वर काढायचं. मागं शुभ्रा उडाली नाही, की तिनं नवऱ्याशी जागा बदलली नाही.

"आजोबा, पाळण्यात बसल्यासारखं वाटतंय!" ती ओरडली.

एकदाच घोटाळा झाला. बँडवाले मारुतीच्या देवळापुढं अचानक थांबले आणि गेनबा जिवाच्या आकांतानं ओरडला, "नांगर टाक! नांगर टाक!" दिलावरनं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. ढोलवाल्यानं मागं वळून बघितलं. तो आंबवड्याचाच होता. त्याचा चेहरा पांढरा पडला आणि उरलेली वरात त्यानं उलटं चालत, गाडीकडं तोंड करून वाजवली.

स्टँड आलं. पुण्याची बस उभी होती. बसच्या पलीकडं भिमाचा भंगाराचा टेम्पो उभा होता आणि टेम्पोला टेकून बानो उभी होती, हाताची घडी घालून. गाडी येऊन थांबली. कशालाही न लागता. दिलावरनं बानोकडं बघितलं. बानोनं घडी सोडली. ती हसली नाही, पण न हसण्यासाठी तिला जोर करावा लागतोय हे दिलावरला लांबूनही दिसलं. तो उतरला आणि तिच्याकडं निघाला. गेनबाही उतरला, त्याला तंबाखू मळायची होती. इंजिन चालूच होतं.

आणि फोटोवाला म्हणाला, "रावसाहेब, एक फोटो स्टिअरिंगवर!"

रावसाहेब बसले. तेवढ्यावर थांबले असते तर माणूस शहाणा म्हटला असता. पण पुण्याचे व्याही बघत होते. पन्नास वर्षं जी थाप मारली ती माणसाला शेवटी गाडीत बसवतेच.

"जरा पुढं घेऊन दाखवतो," ते म्हणाले. "हात बसलेला आहे माझा."

"रावसाहेब, न्हाई!" दिलावर वळून किंचाळला. "उतरा!"

गाडी निघाली. समोर टेम्पो. मध्ये भरपूर जागा होती, आंधळ्यानंही टेम्पो चुकवला असता. रावसाहेबांनीही चुकवला. त्यांनी टेम्पोपासून लांब वळवलं आणि गाडी टेम्पोकडं वळली. त्यांनी आणखी लांब वळवलं. शुभ्रा हसत होती, अद्वय "ओ! ओ!" करत होता. बानो बाजूला सरली आणि बदकाची चोच टेम्पोच्या दारात घुसून अडकली.

नवरा-नवरी जागच्या जागी होती. पाटे खरंच चांगले बसले होते.

"ब्रेक... संस्थानच्या वेळी उजवीकडं असायचा," रावसाहेब म्हणाले. ब्रेकचा तिथं काही संबंध नव्हता. मग ते उतरले, फेटा सारखा केला आणि सगळ्यांना बसमध्ये बसवायला लागले, फार घाईनं.

बानो दारातल्या चोचीकडं बघत होती.

"धडकली," ती म्हणाली.

"म्या चालवत न्हवतो, बानो! त्यांनी..."

"म्या काय म्हनलं हुतं? कशालाबी धडकू द्या. कोन चालवतंय ते म्हनलं हुतं का?" तिचा आवाज जरा हलला. पण शब्द म्हणजे शब्द. "भिमा, घिऊन जा."

दिलावरनं बदकाची चोच दारातून सोडवली, बाहीनं पुसली आणि बाजूला झाला. अब्बा तिथं असते तर म्हणाले असते, बदक नाही, हंस. दिलावरला एवढंच सुचलं.

भिमा खुशीत गाडीत बसला. इतकं लोखंड त्यानं वर्षात बघितलं नव्हतं. स्टँडाचं फाटक उजव्या हाताला. त्यानं उजवीकडं वळवलं. गाडी डावीकडं वळली आणि स्टँडाच्या मुतारीकडं निघाली. आतून दोन माणसं विजारी धरत बाहेर पळाली. भिमानं ब्रेक दाबला, मागं घेतली, परत वळवली, परत मुतारी. तिसऱ्यांदा त्यानं मुतारीकडंच वळवून बघितलं, तर हात जास्त फिरला आणि गाडी फाटक सोडून फलाटावर चढायला निघाली.

"हिला काय झालंय?"

"काय न्हाई," गेनबा तंबाखू चोळत म्हणाला. "बराबर चाललीय. तुलाच यीना."

"मंग तू चालव, कापूरहोळपतोर!"

"मला इंजान न्यायचंय," गेनबा म्हणाला. "आन हमरस्त्याला म्या येनार न्हाई. तिथं समदी उलटी चालवत्यात."

भिमानं दोर काढला. टेम्पोला गाडी बांधली आणि आपल्या माणसाला तिच्या स्टिअरिंगवर बसवलं. टेम्पो फाटकातून उजवीकडं वळला. मागच्या माणसानं इमानदारीनं उजवीकडं वळवलं. गाडी डावीकडं गेली, फाटकाचा खांब मधोमध आला, दोर ताणला, वाजला आणि तुटला. टेम्पो दहा हात पुढं जाऊन थांबला. भिमा उतरला, तुटका दोर गुंडाळला आणि बानोपुढं आला.

"वैनी, माझं दार गेलं, दोर गेला. आता आब्रू उरलीय तेवढी घिऊन जातो. तुमचं बदक तुमालाच ऱ्हाऊ द्या."

"फुकट देते."

"फुकट मराण कोन घेतंय?" आणि तो निघून गेला.

स्टँडावर दिलावर, बानो, इरशाद, गेनबा आणि खांबापाशी तिरकी उभी बदकगाडी एवढीच उरली. बानोनं पदर तोंडाला लावला. दिलावरला वाटलं, रडतेय. मग तिचे खांदे गदगदायला लागले, मग पदर सुटला आणि ती अशी हसली की बसची वाट बघणारी माणसं उठून उभी राहिली.

"रावसाहेब... टेम्पो चुकवत हुते..." तिला पुढं बोलवेना. "आवो, ती कशी वळत हुती... वळवून वळवून..."

"मंग ठिऊ का?" दिलावरनं हळूच विचारलं.

"ठिवा. नेतंय कोन?" ती डोळे पुसत म्हणाली. "पर त्यो बॉक्स सरळ करा."

"करतो की," दिलावर म्हणाला, आणि बायकोपुढं मान हलवली.

बॉक्स अजून उलटाच आहे. दर मे महिन्यात धरण आटलं की गेनबा ड्रेस घालायला येतो, आणि त्याचं इंजिन अजून मिळायचंच असतं. सखूबाईनं मात्र दुसऱ्याच दिवशी आपला गाडा फाटकाच्या डाव्या हाताहून उजव्या हाताला नेला. दुपारभर विचार केला आणि परत डावीकडं आणला. संध्याकाळी पुन्हा उजवीकडं. शेवटी वैतागून तिनं तो दोन गल्ल्या सोडून मशिदीमागं लावला, आणि तिथूनसुद्धा ती गाडीचा हॉर्न ऐकला की आधी कोथिंबीर उचलते.